कांद्याच्या मुळात पूर्वावस्था कशी पाहावी: विभाजनाची सुरुवात टिपणारी काचपट्टी करण्याची आणि वाचण्याची कृती

सूत्री विभाजनाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की मध्यावस्था (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत) आणि पश्चावस्था (गुणसूत्रं दोन टोकांकडे जाताना) कुणालाही सापडतात. अडतं ते पूर्वावस्थेपाशी, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यापाशी. ही पेशी अजून अंतरावस्थेतच (दोन विभाजनांमधल्या काळात) आहे की विभाजनाला लागली? केंद्रकावरण आहे की गेलं? दिसतायत ते धागे गुणसूत्रांचे की रंगाचे डाग? एकाच पेशीवर बोट ठेवून दोन माणसं दोन उत्तरं देतात, आणि बहुतेकदा दोघांची काचपट्टीच नीट झालेली नसते.

पूर्वावस्थेला एक ठरलेला चेहरा नाही. सुरुवातीला ती अंतरावस्थेसारखी दिसते, शेवटी जवळजवळ मध्यावस्थेसारखी. म्हणून पुस्तकातल्या चित्राशी जुळणारी एक पेशी शोधत बसू नका. वीस-पंचवीस पेशी पाहा, त्यांची रेखाटनं करा आणि ती क्रमाने लावा. धाग्याची जाडी, केंद्रकी (केंद्रकातला लहान गोळा) आणि केंद्रकाची कड या तीन गोष्टींवर नजर ठेवली की क्रम आपोआप लागतो. तो लागावा म्हणून काचपट्टी कशी करायची आणि नंतर ती कशी वाचायची, ते इथे सविस्तर दिलं आहे.

मुळं वाढवणं

कांदा घ्यायचा त्याला कारण आहे. त्याच्या कायिक पेशीत फक्त १६ गुणसूत्रं असतात आणि ती भरपूर मोठी असतात. कांद्याच्या जीनोमच्या एका संचात सुमारे १६ अब्ज आधारजोड्या आहेत, म्हणजे माणसाच्या पाचपट. इतका डीएनए अवघ्या १६ गुणसूत्रांत वाटला गेल्यामुळे प्रत्येक गुणसूत्र साध्या सूक्ष्मदर्शकातही ठळक दिसतं. लसूण चालतो, त्याचीही १६ च. बाकल्याच्या मुळात १२ असतात आणि तीही मोठी. मोहरीवर्गातल्या वनस्पती घेऊ नका. त्यांची गुणसूत्रं इतकी लहान असतात की पूर्वावस्थेतले धागे सुटे दिसतच नाहीत.

मध्यम आकाराचा, घट्ट कांदा निवडा. बाहेरची सुकी सालं काढा. बुडाशी चिकटलेली जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडून टाका, पण खालच्या चकतीला इजा होऊ देऊ नका, कारण नवी मुळं तिथूनच फुटतात. बाटलीच्या तोंडावर कांदा असा बसवा की चकती पाण्याला जेमतेम टेकेल. अर्धा कांदा बुडाला तर तो सडतो आणि पाण्याला वास येतो. पाणी रोज बदला. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात दोन ते चार दिवसांत मुळं येतात. दीड ते तीन सेंटिमीटर लांबीची, पांढरीशुभ्र, टोकाशी किंचित पिवळसर मुळं कापायला योग्य. तपकिरी किंवा बुळबुळीत मुळं टाकून द्या. चार-पाच दिवसांनीही मुळं फुटली नाहीत तर कांदा बदला. साठवणुकीत मोड येऊ नयेत म्हणून काही कांद्यांवर प्रक्रिया केलेली असते, आणि अशा कांद्याची मुळं नीट वाढत नाहीत.

एक चूक फार सहज होते. मुळं आज कापायला वेळ नाही म्हणून कांदा फ्रिजमध्ये ठेवला जातो. थंडीत सूक्ष्मनलिका (पेशीतल्या प्रथिनांच्या बारीक नळ्या) विरघळतात, त्यांपासून बनणारे, गुणसूत्रं ओढणारे तुर्कतंतू तयार होत नाहीत आणि पेशी अर्ध्यावर अडकतात. मग काचपट्टीवर गुणसूत्रं विखुरलेल्या पेशी पुष्कळ दिसतात, पण त्या नैसर्गिक नसतात. कोल्चिसिन किंवा ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन यांचंही तेच. गुणसूत्रं मोजायची असतील तर ही द्रव्यं उपयोगी पडतात, पण विभाजनाची सुरुवात पाहायची असेल तर मूळ त्यांत बुडवूच नका. कोल्चिसिन विषारीही आहे. या कामात त्याची गरज नाही.

स्थिरीकरण

पेशी ज्या क्षणी ज्या अवस्थेत आहे, त्या क्षणी तिला थांबवायचं असतं. तीन भाग निर्जल इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, हे नेहमीचं मिश्रण. अल्कोहोल ऊती आकसवतं, ॲसेटिक आम्ल ती फुगवतं. ३:१ प्रमाणात दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्यापैकी तोलतात. शिवाय ॲसेटिक आम्ल पटकन आत शिरतं आणि केंद्रकातली प्रथिनं जागच्या जागी गोठवतं.

मिश्रण कापायच्या दिवशीच करा. ठेवून दिलं तर दोन्ही द्रव्यं एकमेकांशी अभिक्रिया करून एस्टर बनवतात, आणि वास गोडसर येऊ लागतो. असं मिश्रण ओतून द्या. पाच-सहा टोकांना १० मिलिलिटर पुरतं. ऊतीच्या आकारमानाच्या निदान दहापट तरी द्रव हवाच.

टोकाकडचा सुमारे एक सेंटिमीटर भाग धारदार ब्लेडने कापा आणि तसाच थेट मिश्रणात टाका. कापलेलं टोक टेबलावर ठेवून आधी सगळी कापून घेऊ, असं करू नका. त्या पाच मिनिटांत पेशी सुकू लागतात आणि गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात. बाटलीचं झाकण घट्ट लावून खोलीच्या तापमानात १२ ते २४ तास ठेवा. लगेच वापरायची नसतील तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवा. आता थंडीने काही बिघडत नाही, कारण पेशी मेलेल्या आहेत.

कापायची वेळ कोणती? दिवसभरात विभाजनाचं प्रमाण कमीजास्त होतं, आणि ते तापमान, उजेड नि वाण यांवर अवलंबून असतं. आपल्या कांद्याची वेळ शोधायची तर एकाच कांद्याची दोन-दोन मुळं दर दोन तासांनी कापून वेगवेगळ्या बाटल्यांत टाका, बाटल्यांवर वेळ लिहा आणि मग तुलना करा.

आम्लात सैल करणं

मुळाच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. तो जोड सुटल्याशिवाय एकपदरी थर मिळत नाही. त्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं: ९० मिलिलिटर पाण्यात ८.३ मिलिलिटर संहत आम्ल हळूहळू घालायचं आणि पाण्याने १०० पर्यंत भरायचं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा.

मुळं आधी पाण्यात दोन-तीनदा धुवा, मग ६० अंशाला तापवलेल्या आम्लात ५ ते ६ मिनिटं ठेवा. तापमापी वापरा, अंदाजाने नको. सगळ्यात जास्त काचपट्ट्या बिघडतात त्या याच टप्प्यावर. कमी वेळ ठेवलं तर पेशींचे गठ्ठे राहतात, दाबल्यावरही सुटत नाहीत. जास्त वेळ ठेवलं तर मूळ चिमट्यात धरताच पिठासारखं होतं, डीएनए तुटून निघून जातो आणि रंग फिका येतो. त्यातून पूर्वावस्थेचं जे नुकसान होतं, ते मध्यावस्थेचं होत नाही. घट्ट झालेलं गुणसूत्र थोडा डीएनए गेला तरी दिसतंच. नुकतेच उमटू लागलेले बारीक धागे मात्र नाहीसे होतात आणि पूर्वावस्थेची पेशी अंतरावस्थेची वाटू लागते. म्हणून पहिल्यांदा करताना एकाच बाटलीतली मुळं ४, ६ आणि ८ मिनिटं अशी तीन गटांत ठेवून पाहा. फरक डोळ्यांना दिसला की पुढे घड्याळ नीट पाळलं जातं.

आम्लातून काढून पाण्यात पुन्हा धुवा.

रंग

ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटो-ऑर्सिन, दोन्ही चालतात. ४५ टक्के ॲसेटिक आम्लात १ ते २ टक्के रंगद्रव्य असतं. वापरण्याआधी गाळून घ्या, नाहीतर रंगाचे स्फटिक केंद्रकांवर बसतात आणि ते गुणसूत्रांचे तुकडे वाटतात. कार्मिनमध्ये लोहाचा अंश मिळाला तर रंग गडद होतो, म्हणून रंगात टोक गंजक्या सुईने हलकेच टोचण्याची जुनी पद्धत आहे. सुई फार वेळ बुडवून ठेवली तर मात्र सगळं काळंभोर होतं.

वॉच ग्लासमध्ये मुळं रंगात १५ ते ३० मिनिटं ठेवा, वर झाकण घाला. थोड्या वेळात टोकाकडचे दोनेक मिलिमीटर बाकीच्या मुळापेक्षा गडद दिसू लागतील. तिथे पेशी लहान असतात, केंद्रकं पेशीचा मोठा भाग व्यापून असतात, म्हणून रंग दाट येतो. हाच विभाजी ऊतीचा पट्टा. अगदी टोकावर मूलटोपी असते. तिच्या पेशी विभाजन दाखवायला उपयोगाच्या नाहीत. गडद पट्ट्याच्या मागे वर सरकलात तर लांबट, मोठ्या रिक्तिका असलेल्या पेशी लागतात, आणि तिथे विभाजन थांबलेलं असतं. "माझ्या काचपट्टीत एकही विभाजन नाही" ही तक्रार बहुतेकदा चुकीचा भाग कापल्यामुळे असते.

दाबून पसरवणं

गडद भागाचा दीड-दोन मिलिमीटर तुकडा कापून स्वच्छ काचपट्टीवर ४५ टक्के ॲसेटिक आम्लाच्या थेंबात ठेवा. उरलेलं मूळ बाजूला काढा. ते राहिलं तर कव्हरस्लिप सपाट बसत नाही. सुईने तुकडा थोडा विंचरा. कव्हरस्लिप एका कडेवरून हळू टेकवत सोडा, म्हणजे बुडबुडे अडकणार नाहीत.

आता पेन्सिलीच्या बोथट टोकाने कव्हरस्लिपवर सरळ, हलके ठोके द्या. पंधरा-वीस ठोक्यांत तुकडा ढगासारखा पसरतो. मग काचपट्टी टिपकागदाच्या घडीत ठेवा, कव्हरस्लिपच्या कडा एका हाताच्या बोटांनी धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरासाही सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि केंद्रकांच्या लांब शेपट्या निघतात. या शेपट्या पाहून नवशिके "धागे दिसले" म्हणतात.

फार जोरात दाबलं तर पेशीभित्ती फुटते आणि गुणसूत्रं बाहेर सांडतात. गुणसूत्रं मोजणाऱ्याला असं पसरणं हवंहवंसं वाटेल. इथे ते नको. केंद्रकाची कड शाबूत आहे की नाही हेच आपल्याला पाहायचं आहे, आणि दाबाने फुटलेली कड नैसर्गिकरीत्या नाहीशी झालेल्या कडेसारखीच दिसते. थर एकपदरी व्हावा आणि पेशीचा चौकोनी आकार टिकावा, इतकाच दाब द्या.

वाचताना कुठे पाहायचं

आधी १० पट वस्तुभिंगाने पट्टी शोधा, ४० पटाने पेशी वाचा, आणि अर्धगुणसूत्रं (एका गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती) वेगळी दिसतात का हे पाहायला तेलासह १०० पट वस्तुभिंग लावा. प्रकाशाचं छिद्र थोडं लहान करा. फार उजेडात फिके धागे धुऊन जातात. सूक्ष्म स्क्रू सतत हलवत राहा. केंद्रक हा गोळा आहे आणि एका वेळी त्याची एकच पातळी स्पष्ट दिसते. एका पातळीवर ठिपके दिसले तर ते बहुधा धाग्यांचे छेद असतात. स्क्रू हलवला की तेच ठिपके धागे होऊन वळताना दिसतात.

अंतरावस्थेतलं केंद्रक गोल असतं, त्याचा रंग जाळीसारखा पण सगळीकडे साधारण सारखा, आणि आत एक-दोन फिकट गोल ठिकाणं: त्या केंद्रकी. कांद्यात ही जाळी मुळातच थोडी खडबडीत असते, कारण डीएनए खूप आहे. त्यामुळे "खडबडीत दिसतं म्हणजे पूर्वावस्था" हा निकष कांद्याला लागू पडत नाही.

पूर्वावस्थेची सुरुवात ओळखायची खूण अशी: एखाद्या धाग्याच्या कडेने नजर फिरवता आली पाहिजे. केंद्रकाच्या एका टोकापासून निदान अर्ध्या व्यासापर्यंत एक धागा न तुटता सापडला, तर ती पूर्वावस्था धरा. न सापडल्यास अंतरावस्था. हा निकष आपला आपण ठरवलेला आहे, पण सगळ्या पेशींना तोच लावला की मोजणी विश्वासार्ह होते. या टप्प्यावर केंद्रक आधीपेक्षा मोठं दिसतं आणि केंद्रकी ठळक असते.

मग धागे जाड होत जातात. केंद्रक लोकरीच्या सैल गुंड्यासारखं दिसू लागतं. काही पेशींत धागे केंद्रकाच्या एका बाजूला वळण घेऊन परत फिरतात, जणू केसांच्या पिनांची जुडी. ही मांडणी योगायोगाची नाही. आधीच्या विभाजनात गुणसूत्रबिंदू (गुणसूत्राला तुर्कतंतू जोडले जातात ती जागा) पुढे आणि भुजा मागे अशी गुणसूत्रं ओढली गेली होती. तीच ठेवण केंद्रकात पूर्ण अंतरावस्थाभर टिकून राहते. कार्ल राबल यांनी १८८५ मध्ये उभयचरांच्या पेशी पाहून हे मांडलं, आणि कांद्यासारख्या मोठ्या जीनोमच्या वनस्पतींत ते आजही साध्या काचपट्टीवर दिसतं. वळणाच्या जागी गुणसूत्रबिंदू असतात, समोरच्या बाजूला टोकं.

उत्तर पूर्वावस्थेत धागे आखूड आणि दंडगोल होतात, त्यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते, केंद्रकी आधी लहान होते आणि मग दिसेनाशी होते. चांगल्या काचपट्टीत १०० पट वस्तुभिंगाखाली काही ठिकाणी गुणसूत्र लांबीने दुहेरी दिसतं. सगळा पसारा अजूनही गोल सीमेच्या आत असतो. ही सीमा म्हणजे केंद्रकावरण नाही, हे लक्षात ठेवा. आवरणाची जाडी फक्त काही दहा नॅनोमीटर असते, आणि प्रकाश सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. आपल्याला दिसतं ते इतकंच, की गुणसूत्रं एका गोलात कोंडलेली आहेत. तुर्कतंतूंचंही तसंच, एक सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटर रुंद. या काचपट्टीत त्या दिसत नाहीत, गुणसूत्रांच्या मांडणीवरून त्या असल्याचं कळतं. चित्रात तुर्कतंतू काढायचे असतील तर तुटक रेषेने काढा.

गोल सीमा मोडली आणि गुणसूत्रं वेडीवाकडी पेशीत पसरली की पूर्वमध्यावस्था सुरू झाली. प्रत्येक गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदू मध्याकडे ओढला जातो आणि भुजा मागे लोंबकळतात. ही अवस्था कमी पेशींत सापडते. इथे एक फसवी जागा आहे: मध्यावस्थेची पेशी ध्रुवाकडून पाहिली तर गुणसूत्रं वर्तुळात पसरलेली दिसतात आणि ती पूर्वमध्यावस्था वाटते. सूक्ष्म स्क्रू फिरवा. सगळे गुणसूत्रबिंदू एकाच पातळीत स्पष्ट झाले तर ती मध्यावस्था.

आत नेमकं काय घडतं

पहिला गैरसमज आधी दूर करायला हवा. गुणसूत्रं पूर्वावस्थेत दुप्पट होत नाहीत. डीएनएची प्रत अंतरावस्थेतल्या एस टप्प्यात, पूर्वावस्थेच्या बऱ्याच आधी तयार झालेली असते. पूर्वावस्थेत येणाऱ्या कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं १६ आणि अर्धगुणसूत्रं ३२ असतात. एका आधारजोडीची लांबी ०.३४ नॅनोमीटर धरली, तर या क्षणी त्या एका केंद्रकात जवळजवळ २२ मीटर डीएनए आहे. तो न गुंतता, न तुटता दोन वाटे होण्याजोगा बांधायचा, हे पूर्वावस्थेचं खरं काम.

बांधणी करतात कंडेन्सिन नावाची प्रथिनसंकुलं. ती डीएनएला फास पाडतात आणि फास मोठा करत नेतात. प्राणी पेशींत कंडेन्सिन-२ केंद्रकाच्या आतच असतं आणि पूर्वावस्थेपासून कामाला लागतं. कंडेन्सिन-१ पेशीद्रवात असतं. आवरण मोडल्याशिवाय त्याला डीएनएपर्यंत पोचता येत नाही. म्हणून बांधणी दोन टप्प्यांत होते: आधी लांबी कमी, मग आणखी घट्ट. कोंबडीच्या पेशींवरच्या २०१८ मधल्या कामात दिसलं की उत्तर पूर्वावस्थेत फास सुमारे ६० हजार आधारजोड्यांचे असतात, आणि आवरण गेल्यावर सुमारे ४ लाख आधारजोड्यांच्या मोठ्या फासांच्या पोटात ८० हजारांचे लहान फास अशी रचना होते. काचपट्टीवर "धागा जाड झाला" असं आपण लिहितो, त्यामागे हे फास असतात.

त्याच वेळी दुसरं काम सुरू असतं. दोन अर्धगुणसूत्रांना कोहेसिन नावाचं कडं एकत्र धरून ठेवतं. पृष्ठवंशी प्राण्यांच्या पेशींत पूर्वावस्थेपासून भुजांवरची बरीचशी कडी सुटतात, गुणसूत्रबिंदूपाशी मात्र शुगोशिन हे प्रथिन त्यांचं रक्षण करतं. नंतर दिसणारा इंग्रजी एक्ससारखा आकार यातूनच येतो: भुजा सुट्या, मध्य बांधलेला.

केंद्रकी का जाते, हे समजलं की ती कधी जाणार याचा अंदाज येतो. केंद्रकी म्हणजे रायबोझोमचा आरएनए बनवण्याची जागा. ती ठरावीक गुणसूत्रांवरच्या जनुकांभोवती उभी असते. विभाजनात शिरताना सायक्लिन-बी आणि सीडीके-१ या विभाजन सुरू करणाऱ्या प्रथिनांची जोडी सक्रिय होते, आरएनए बनणं थांबतं, माल येणं बंद होतं आणि रचना विखुरते. म्हणूनच ती एकदम गायब न होता लहान होत जाते.

प्राणी पेशींत हीच जोडी केंद्रकावरणाच्या आतल्या लॅमिन प्रथिनांना फॉस्फेट लावते. लॅमिनची जाळी सुटी होते, रंध्रांची संकुलं मोकळी होतात, आणि आवरणाचे पापुद्रे आंतर्द्रव्यजालिकेत मिसळून जातात. "केंद्रकावरण विरघळतं" असं लिहिलं जातं, ते बरोबर नाही. त्याचं साहित्य पेशीतच राहतं आणि विभाजनाच्या शेवटी, अंत्यावस्थेत पुन्हा वापरलं जातं. यीस्टमध्ये तर आवरण मोडतच नाही, विभाजन त्याच्या आतच उरकतं.

कांद्याच्या चित्रात तारकाकेंद्र काढू नका

ही चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. पाठ्यपुस्तकातलं चित्र प्राणी पेशीचं असतं: केंद्रकाच्या दोन बाजूंना तारकाकेंद्रं (तुर्कतंतूंची टोकं जिथे जमतात ते बारीक कण), त्यांभोवती किरणं. प्राणी पेशीत तारकाकेंद्रं एस टप्प्यात दुप्पट होतात आणि पूर्वावस्थेत दोन जोड्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात. पेशी पसरट असेल तर गोल होऊ लागते, गॉल्जी पिंड तुकड्यांत विखुरतो.

कांद्यात तारकाकेंद्रं नसतात. तिथे सूक्ष्मनलिका केंद्रकाच्या पृष्ठभागाभोवतीच जमतात आणि दोन टोकांकडे रोख धरतात. गॉल्जीचे थर विभाजनातही शाबूत राहतात. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, पूर्वावस्था डोळ्यांना दिसण्याआधीच पेशीभित्तीच्या आतून सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा केंद्रकाभोवती कड्यासारखा तयार होतो. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी १९६६ मध्ये तो दाखवला. आवरण मोडेपर्यंत हा पट्टा नाहीसा होतो, पण विभाजनाच्या शेवटी नवी भित्ती बरोबर त्याच जागी येऊन जुन्या भित्तीला मिळते. म्हणजे पेशी कुठे दुभागायची हे गुणसूत्रं घट्ट होण्याआधी ठरलेलं असतं. कार्मिनच्या काचपट्टीत पट्टा दिसत नाही. त्यासाठी ट्युब्युलिनवर चमकणारं प्रतिपिंड लावावं लागतं.

गफलती आणि त्यांवरचे उपाय

अंत्यावस्थेतून नुकतीच बाहेर पडलेली केंद्रकंही घट्ट आणि धागेदार दिसतात, आणि ती पूर्वावस्था म्हणून मोजली जातात. शेजारची पेशी पाहा. तसंच लहान केंद्रक शेजारी असेल आणि दोघांमध्ये बारीक नवी भित्ती असेल, तर त्या बहिणी आहेत. पूर्वावस्थेचं केंद्रक एकटं आणि मोठं असतं.

केंद्रक एकसंध काळं दिसत असेल तर रंग जास्त झाला. कव्हरस्लिपच्या एका कडेला ४५ टक्के ॲसेटिक आम्लाचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. पेशीद्रवही लाल झाला असेल तर काचपट्टी स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा झपकन फिरवा. हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम, उकळू देऊ नका. उकळलं तर बुडबुडे येतात आणि केंद्रकं फुगतात.

पूर्वावस्था भरपूर आणि पुढच्या अवस्था जवळजवळ नाहीत, असं दिसलं तर आधी आपला निकष तपासा: धागा सलग सापडतोय ना, की खडबडीत केंद्रकंही मोजली जातायत? गुणसूत्रं एकमेकांत चिकटून गोळा झाली असतील तर स्थिरीकरण उशिरा झालं किंवा मिश्रण शिळं होतं. अशी काचपट्टी दुरुस्त होत नाही, नवी मुळं घ्या.

मोजणी आणि नोंद

निदान तीन मुळांच्या काचपट्ट्यांमधून मिळून १००० पेशी मोजा. विभाजन असलेली दृश्यक्षेत्रं निवडून घेऊ नका; पट्टीच्या एका कडेपासून सुरू करून सरळ रेषेत सरका आणि वाटेत येईल ते प्रत्येक केंद्रक नोंदा. विभाजनातल्या पेशी भागिले एकूण पेशी म्हणजे विभाजन निर्देशांक.

अवस्थेचा काळही ढोबळमानाने काढता येतो. समजा १००० पैकी ६० पेशी पूर्वावस्थेत सापडल्या आणि त्या तापमानाला पेशीचक्र २० तासांचं धरलं, तर पूर्वावस्था सुमारे सव्वा तासाची ठरते. यात सगळ्या पेशी विभाजन करतायत आणि एकमेकींशी वेळ जुळवून करत नाहीत असं गृहीत आहे. मूलटोपीच्या पेशी मोजणीत घुसल्या तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं.

प्रत्येक रेखाटनाशेजारी वस्तुभिंग, आम्लातली मिनिटं आणि तीन खुणांची स्थिती लिहा: धागा सलग आहे का, केंद्रकी दिसते का, कड गोल आहे का. पेशी पुन्हा सापडावी म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरच्या दोन्ही मोजपट्ट्यांचे आकडेही टिपा. काचपट्टी काही दिवस ठेवायची असेल तर कव्हरस्लिपच्या चारही कडांना नेलपॉलिश लावा आणि ती आडवी ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभरात रंग पेशीद्रवात उतरू लागतो, त्यामुळे बारीक धाग्यांच्या पेशींची रेखाटनं पहिल्याच दिवशी उरकून घ्या.